पास झालेला माल कायमचा पास नसतो: विमानाच्या इंजिनाकडून शिकायची तपासणी



"सर, आमच्याकडे सगळा माल चेक होऊनच बाहेर जातो." हे वाक्य मी जवळपास प्रत्येक बॅचमध्ये ऐकतो. त्यावर माझे तीन प्रश्न ठरलेले असतात. चेक कशाने केला? किती वापर झाल्यावर पुन्हा चेक करणार? आणि नेमका कोणता नग चेक केला, हे सहा महिन्यांनी सांगता येईल का?

तिसऱ्या प्रश्नापर्यंत बहुतेक जण शांत होतात.

या आठवड्याच्या व्हिडिओत मी विमानाच्या इंजिनाचं उदाहरण थोडक्यात दिलं होतं. व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून तीच गोष्ट इथे सविस्तर लिहितोय. तुमचा मसाल्याचा उद्योग असो, फॅब्रिकेशनचं वर्कशॉप असो की दोन टेम्पोंचा ट्रान्सपोर्ट, शेवटपर्यंत वाचा. विमानवाल्यांनी हा धडा माणसाचा जीव गमावून शिकलाय. आपल्याला तो वाचून शिकता येतो.

आधी घटना समजून घेऊ

१७ एप्रिल २०१८. अमेरिकेतल्या साउथवेस्ट एअरलाइन्सची फ्लाइट १३८० न्यूयॉर्कहून डॅलसला निघाली होती. विमान बोइंग ७३७-७००, आत १४४ प्रवासी आणि ५ कर्मचारी. विमान वर चढत असतानाच डाव्या इंजिनातलं एक पातं, म्हणजे फॅन ब्लेड, मुळाशी तुटलं. ते इंजिनाच्या कवचावर अशा जागी आदळलं की बाहेरच्या झाकणाचे तुकडे उडाले. त्यातला एक तुकडा खिडकीजवळ लागला आणि खिडकी निघून गेली. कॅप्टन टॅमी जो शल्ट्स यांनी विमान फिलाडेल्फियाला उतरवलं, पण खिडकीशेजारी बसलेल्या एका महिला प्रवाशाचा जीव गेला.

आता इंजिनाबद्दल. हे होतं सीएफएम५६-७बी. जीई आणि फ्रान्सची साफ्रान यांच्या भागीदारीतून बनलेलं, जगात हजारोंच्या संख्येने चालणारं, अत्यंत भरवशाचं इंजिन. त्याच्या पुढच्या पंख्यात २४ पाती असतात, टायटॅनियमच्या मिश्रधातूची. त्यातलं १३ नंबरचं पातं तुटलं.

आणि हे पातं तपासलेलं होतं बरं का! नोव्हेंबर २०१२ मध्ये त्याचं ओव्हरहॉल झालं, तेव्हा तड्यांची तपासणीही झाली. शेरा काय, तर पास. अमेरिकेच्या तपास मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, नंतर अभ्यास करून सांगितलं की तडा बहुधा तेव्हाही होता. वापरलेल्या पद्धतीला तो दिसला नाही.

वय वर्षांत मोजायचं की वापरात?

आपण गाडीची सर्व्हिसिंग कशी करतो? "सहा महिने झाले किंवा दहा हजार किलोमीटर, जे आधी होईल ते." विमानाच्या इंजिनात महिने आणि उड्डाणाचे तास मोजतातच, पण पंख्याच्या पात्यासारख्या भागासाठी त्याहून महत्त्वाचा हिशोब असतो सायकलचा. एक टेक-ऑफ आणि एक लँडिंग मिळून एक सायकल.

कारण सोपं आहे. टेक-ऑफच्या वेळी हा पंखा मिनिटाला सुमारे ५,००० फेरे घेतो. प्रत्येक पातं बाहेर उडून जायला बघतं आणि त्याचं मूळ त्याला धरून ठेवतं. मुळावर प्रचंड ताण येतो. विमान उतरलं, इंजिन बंद झालं की ताण संपतो. पुढच्या उड्डाणाला पुन्हा तेच. एखादी तार हाताने इकडून तिकडे वाकवत राहिलात तर काय होतं? पहिल्या दहा वेळा काहीच होत नाही, नंतर अचानक तुटते. धातू असा थकतो.

म्हणूनच मुंबई-लंडन जाणाऱ्या विमानाचा आणि मुंबई-पुण्यासारख्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या विमानाचा हिशोब वेगळा. पहिल्याचे तास भराभर वाढतात, दुसऱ्याच्या सायकल. साउथवेस्टचा धंदा छोट्या फेऱ्यांचा. तुटलेल्या त्या पात्याच्या ३२,००० हून जास्त सायकल झाल्या होत्या.

आता हे स्वतःच्या धंद्याला लावून बघा. तुमच्या मशीनचा खरा झिजणारा आकडा कोणता? सीलिंग मशीनचा आकडा पाकिटांचा. पल्व्हरायझरचा आकडा दळलेल्या किलोंचा. चेन पुलीचा आकडा उचललेल्या फेऱ्यांचा. "दर दिवाळीला मशीन उघडतो" ही चांगली सवय आहे, पण सीझनमध्ये काम दुप्पट झालं की दिवाळी काही लवकर येत नाही.

न दिसणारा तडा शोधायच्या पद्धती

पात्याच्या मुळावरचा तडा केसाएवढा असतो. शिवाय ते मूळ खाचेत बसलेलं असतं. मग तपासणी कशी होते? मुख्य पद्धती चार.

• बोअरस्कोप: बारीक लवचिक नळीच्या टोकाला कॅमेरा. डॉक्टर एंडोस्कोपी करतात तसंच. इंजिन न उघडता आत बघता येतं, पण जे पृष्ठभागावर दिसतं तेवढंच.

• फ्लुओरोसंट पेनिट्रंट: चमकणारं द्रव भागावर लावतात, ते तड्यात शिरतं. वरचं पुसून काढतात, मग तड्यातलं द्रव बाहेर ओढणारी पावडर मारतात आणि अंधाऱ्या खोलीत अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली बघतात. तडा रेघेसारखा चमकतो. आपल्या एमआयडीसीतल्या वेल्डिंगवाल्यांना डीपी टेस्ट माहीत असते, त्याच कुटुंबातली ही पद्धत. तडा खूप बारीक असेल किंवा दाबून बंद झालेला असेल तर निसटू शकतो.

• एडी करंट: छोट्या कॉइलने धातूत विजेचे भोवरे तयार करतात. तडा असला की भोवऱ्याचा मार्ग बदलतो आणि यंत्रावर खूण उमटते. पृष्ठभागावरचे बारीक तडे पकडायला ही जास्त धारदार पद्धत.

• अल्ट्रासॉनिक: सोनोग्राफीसारखं. ध्वनिलहर आत सोडायची आणि परत येणारा प्रतिध्वनी वाचायचा. यात मोठा फायदा असा की इंजिन विमानावरून न उतरवता काम होतं.

२०१२ मध्ये आपल्या १३ नंबरच्या पात्याची तपासणी पेनिट्रंटने झाली होती. मग २७ ऑगस्ट २०१६ ला साउथवेस्टच्याच दुसऱ्या विमानात, फ्लाइट ३४७२ मध्ये, तसंच पातं तसंच मुळाशी तुटलं. विमान फ्लोरिडातल्या पेन्साकोला इथे उतरवलं, सगळे प्रवासी वाचले. त्या घटनेनंतर ओव्हरहॉलमध्ये एडी करंटची जोड देण्यात आली. पद्धत सुधारली.

इथेच आजचा सगळ्यात मोठा मुद्दा आहे. पद्धत सुधारली, पण जुन्या पद्धतीने पास झालेली पाती आकाशात उडतच होती. त्यांचं पुढचं ओव्हरहॉल येईल तेव्हाच नवी पद्धत त्यांना लागणार होती. १३ नंबरच्या पात्याचं ते आलंच नाही.

शिफारस वेगळी, सक्ती वेगळी

पेन्साकोलानंतर कोणालाच काही कळलं नव्हतं असं नाही. तारखा बघा.

• २०१७ मध्ये इंजिन कंपनीने सर्व्हिस बुलेटिन काढलं: ठराविक पात्यांची अल्ट्रासॉनिक तपासणी करा. सर्व्हिस बुलेटिन म्हणजे उत्पादकाची शिफारस. ते आपोआप कायदा होत नाही.

• ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफएएने ही तपासणी सक्तीची करण्याचा मसुदा जाहीर केला आणि हरकती मागवल्या. विमान कंपन्यांनी जास्त मुदत मागितली. मसुदा मसुदाच राहिला.

• मार्च २०१८ मध्ये युरोपच्या ईएएसएने सक्तीचा आदेश काढला, त्यात तपासणीसाठी नऊ महिन्यांची मुदत होती.

• १७ एप्रिल २०१८ ला फ्लाइट १३८०.

• २० एप्रिल २०१८ ला, म्हणजे तीनच दिवसांत, एफएएचा तातडीचा आदेश: ३०,००० किंवा जास्त सायकल झालेल्या इंजिनांची पाती २० दिवसांत तपासा. अमेरिकेत अशी ३५२ आणि जगभरात ६८१ इंजिनं असतील असा अंदाज होता.

• त्यानंतर व्याप्ती वाढली. २०,००० सायकल झालेल्या पात्यांना ऑगस्ट अखेरची मुदत आणि पुढे दर ३,००० सायकलनंतर पुन्हा तपासणी. नंतर हे अंतर १,६०० सायकलपर्यंत खाली आणलं.

कंपनीने सांगितल्याप्रमाणे एका इंजिनाच्या या तपासणीला सुमारे चार तास लागतात. दोन अपघातांमध्ये अंतर होतं जवळपास २० महिन्यांचं. मी हे दोन आकडे पाटीवर शेजारीशेजारी लिहितो आणि वर्गाला दोन मिनिटं नुसतं बघायला सांगतो.

कंपन्या मुद्दाम टाळत होत्या असं म्हणून मोकळं होऊ नका. त्यांच्या बाजूनेही अडचण खरी होती. पाती एका इंजिनातून काढून दुसऱ्यात बसवली जातात, त्यामुळे कोणतं पातं कुठे आहे हे आधी शोधावं लागतं. तपासणीसाठी विमान उभं करायचं म्हणजे त्या दिवसाचं उत्पन्न थांबतं. आपणही सीझनमध्ये मशीन बंद ठेवताना हाच विचार करतो ना? "एवढी ऑर्डर जाऊ दे, मग बघू."

सक्तीच्या आदेशात काय काय लिहिलेलं असतं?

विमान क्षेत्रात या आदेशाला एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह, थोडक्यात एडी म्हणतात. भारतात डीजीसीएच्या नियमांनुसार असे आदेश आपल्या विमान कंपन्यांनाही पाळावे लागतात. एडी पाळला नसेल तर ते विमान उड्डाणयोग्य धरलं जात नाही. बाकी ते कितीही चकचकीत असो.

कागद तसा छोटाच असतो, पण पाच प्रश्नांची उत्तरं त्यात पक्की असतात.

१. कोणता भाग? पार्ट नंबर आणि लागेल तिथे सिरियल नंबरसकट.
२. काय धोका आहे आणि का?
३. कोणत्या पद्धतीने तपासायचं?
४. किती वापरापर्यंत किंवा कोणत्या तारखेपर्यंत, आणि पुन्हा कधी?
५. दोष सापडला तर काय? बहुतेक वेळा उत्तर एकच: पुढच्या उड्डाणाआधी तो भाग काढा.

पाचवं उत्तर आधीच लिहून ठेवलेलं असतं, हे लक्षात घ्या. तडा सापडल्यावर मॅनेजरला फोन करून "चालेल का एक फेरी?" असं विचारायची सोयच ठेवलेली नाही. निर्णय दबाव यायच्या आधी घेतलेला असतो. हे मला फार आवडतं.

घरातलं उदाहरण हवंय? स्वयंपाकघरातल्या गॅस सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर एक अक्षर आणि दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, असं डी पर्यंत. आकडे वर्षाचे. त्या मुदतीत त्या सिलिंडरची पुन्हा चाचणी व्हायलाच हवी. दुकानातल्या वजनकाट्याला वैधमापन विभागाचा शिक्का लागतो, तोही याच जातीचा. सक्तीची तपासणी आपल्या आजूबाजूला आहेच, आपण तिच्याकडे दंडाच्या भीतीनेच बघतो एवढंच.

तपासणाराही माणूसच असतो

आणखी जुनी घटना. १९ जुलै १९८९, युनायटेड एअरलाइन्सची फ्लाइट २३२, अमेरिकेतलं सू सिटी. डीसी-१० विमानाच्या शेपटीतल्या इंजिनाची फॅन डिस्क फुटली. विमानात २९६ जण होते, ११२ जणांचा मृत्यू झाला. डिस्कच्या टायटॅनियममध्ये धातू बनवतानाच दोष राहिला होता, त्यातून वर्षानुवर्षं तडा वाढत गेला. या डिस्कचीही पेनिट्रंट तपासणी झाली होती आणि तडा निसटला होता.

एनटीएसबीने कारण लिहिताना एक महत्त्वाची गोष्ट नोंदवली: तपासणीच्या कामात माणसाच्या मर्यादांचा पुरेसा विचार झाला नव्हता. अंधाऱ्या खोलीत तासन् तास बसून शेकडो चांगले भाग बघितले की डोळा पुढचाही भाग चांगलाच असेल असं धरून चालतो. हा आळस नव्हे, माणसाचा मेंदूच तसा आहे.

तुमच्या पॅकिंग टेबलवर शेवटच्या दोन तासांत तपासणी कोण करतं? दिवसभर उभी असलेली तीच ताई? मग तिला दोष देण्याआधी जागा बदलून द्या, उजेड वाढवा, मध्ये विश्रांती द्या. आणि कधीकधी मुद्दाम एक खराब नग मधे सरकवून बघा, पकडला जातो का. पकडला नाही तर ओरडू नका, पद्धत सुधारा.

कागद खोटा तर भाग खोटा

२०२३ मध्ये विमान क्षेत्रात मोठी खळबळ झाली. लंडनची एओजी टेक्निक्स नावाची छोटी पुरवठादार कंपनी इंजिनाचे सुटे भाग विकत होती, त्यात सीएफएम५६चेही होते. पोर्तुगालच्या टॅप कंपनीच्या देखभाल विभागाला एक भाग कागदावर लिहिलंय त्यापेक्षा जुना वाटला. त्यांनी मूळ उत्पादकाकडे चौकशी केली आणि कळलं की प्रमाणपत्र बनावट आहे. मग जगभरातल्या विमान कंपन्यांना इंजिनं उघडून ते भाग शोधून काढावे लागले.

विमानाच्या प्रत्येक भागासोबत रिलीज सर्टिफिकेट असतं. तो भाग कोणी बनवला किंवा दुरुस्त केला, कोणी तपासला, कोणाची सही, हे त्यात असतं. कागद हरवला तर धडधाकट भागाचीही किंमत भंगाराची होते, कारण त्याचा इतिहास सिद्ध करता येत नाही.

आपल्याकडे "कागद नंतर बनवू" हे सहज बोललं जातं. नंतर बनवलेला कागद तपासणीचा नसतो, तो फक्त फाइल भरायचा असतो. बेअरिंग स्वस्तात मिळालं म्हणून बिल न घेता आणलं असेल, तर उद्या ते फुटल्यावर तुम्ही कोणाकडे जाणार?

आता हे तुमच्या धंद्यात कसं आणायचं?

मसाल्याच्या छोट्या उद्योगाचं उदाहरण घेऊ. पल्व्हरायझरची जाळी झिजते, तुटली तर तिचे तुकडे मसाल्यात जातात. ग्राहकाच्या पोटाचा प्रश्न आणि तुमच्या नावाचाही. एडीचे तेच पाच प्रश्न इथे वापरा.

पहिलं, नगाला नंबर द्या. "जाळी" असं लिहू नका, "जाळी क्रमांक ३" असं लिहा. कधी बसवली, कुठून आणली, बिल नंबर काय, सगळं.

दुसरं, वापराचा आकडा पकडा. रोज किती किलो दळलं ते तसंही तुम्ही लिहिताच. त्याची बेरीज जाळीच्या नावावर चढवा. किती किलोनंतर तपासायचं हे पहिल्यांदा मशीन बनवणाऱ्याला विचारा. मग सुरुवातीला त्याच्या निम्म्या अंतराने तपासा आणि झीज बघून अंतर ठरवा.

तिसरं, पद्धत लिहा. "जाळी बघणे" एवढं पुरत नाही. "जाळी काढून, ब्रशने साफ करून, मागून टॉर्च धरून चारही कडा बघणे, आणि बाहेर पडणाऱ्या मालातला मॅग्नेट पुसून कागदावर काय निघतं ते बघणे." नवीन कामगाराला वाचून करता आलं पाहिजे.

चौथं, दोष सापडला तर काय, हे आज ठरवा. एक तार तुटलेली दिसली की जाळी बदलायची. ऑर्डर कितीही घाईची असो. हे वाक्य मशीनवर चिकटवा आणि खाली तुमची स्वतःची सही करा, म्हणजे कामगाराला मशीन थांबवायची भीती वाटणार नाही. आणि एक सुटी जाळी कपाटात ठेवा. सुटा भाग हाताशी नसला की सगळे नियम वाकतात.

पाचवं, पद्धत सुधारली की मागे वळून बघा. समजा काल तुम्ही जास्त ताकदीचा मॅग्नेट आणला आणि त्यावर लोखंडाचे कण सापडले. आनंद झाला, आता पुढचा माल स्वच्छ. पण गेल्या आठवड्यात पॅक केलेल्या मालाचं काय? तो जुन्या मॅग्नेटने पास झालाय. प्रत्येक पाकिटावर बॅच नंबर असेल तर फक्त त्या बॅचा पुन्हा तपासाल किंवा परत मागवाल. नंबर नसेल तर सगळाच माल संशयित, किंवा डोळे मिटून गप्प बसायचं. १३ नंबरचं पातं इथेच निसटलं होतं.

या क्षेत्रात सप्लायर व्हायचंय?

प्रश्न येतो म्हणून थोडक्यात सांगतो. विमानाच्या इंजिनाचे भाग आपल्या महाराष्ट्रातही बनतात. जीईचा पुण्याजवळ चाकणला कारखाना आहे, गोदरेजचा विक्रोळीत एरोस्पेस विभाग आहे. त्यांच्या साखळीत शिरायचं तर एएस९१०० हे गुणवत्ता प्रमाणपत्र हवं. उष्णता प्रक्रिया, प्लेटिंग, तडे तपासणी अशा खास प्रक्रियांसाठी बहुतेक वेळा नॅडकॅपची मान्यता मागतात. पण त्याआधी एक साधी परीक्षा स्वतःच घ्या: तुमच्या शॉपमधला कोणताही एक तयार नग उचला आणि तो कोणत्या हीट नंबरच्या मटेरियलमधून, कोणत्या मशीनवर, कोणी बनवला, कोणत्या गेजने तपासला आणि त्या गेजचं कॅलिब्रेशन कधी झालं, हे दहा मिनिटांत कागदावर दाखवा. जमलं तर पुढचं बोलू. मशीन कर्ज काढून घेता येतं, ही शिस्त विकत मिळत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

एक वही घ्या. धंद्यातला असा एकच भाग निवडा जो तुटला तर माणसाला इजा होईल किंवा खराब माल ग्राहकापर्यंत जाईल. त्याच्यापुढे पाच ओळी लिहा: नंबर, वापराचा आकडा, तपासायची पद्धत, पुढची तपासणी कधी, दोष सापडला तर काय. शेवटी जुन्या पद्धतीने पास केलेला माल आज कुठे आहे, तेही लिहा. शेवटच्या ओळीला उत्तर सापडलं नाही तर तुमचं पहिलं काम तेच.

पान भरून झालं की फोटो काढून व्हिडिओखाली टाका. पुढच्या भागात त्यातल्या काही वह्या आपण एकत्र तपासू. आणि मशीनवर आज वेळ नसेल, तर निदान स्वयंपाकघरात जाऊन सिलिंडरवरचं अक्षर वाचून या.